फळांच्या पावातली सफेदी

विजयाबाईंचं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ चिकटवून उभं केलेलं प्रकरण. मयूर विहारच्या सोसायटीत राहायला येऊन वर्ष उलटलं तरी त्या भाजीवाल्याला विचारायच्या, “मेथी की जुडी कैसी दी?” भाव विचारलाय हे त्याला कळायचंच नाही. तो म्हणायचा, “बहुत बढ़िया माताजी, एकदम ताज़ी.” त्या पुन्हा विचारायच्या, तो पुन्हा तेच सांगायचा, आणि शेवटी मागे उभी असलेली एखादी पंजाबी बाई मध्ये पडून भाव ठरवून द्यायची. घरी आल्यावर हा किस्सा विजयाबाई स्वतःच रंगवून सांगत. स्वतःवर हसायला त्यांना कमीपणा वाटत नसे. हेच हिंदी आपल्याला एक दिवस भर बाजारात तोंडघशी पाडणार आहे, याची त्यांना काय कल्पना.

त्या मूळच्या वाईच्या. नवरा मुरलीधरपंत शाळेत चित्रकला शिकवायचे. ते गेले आणि प्रसन्नने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, आईला दिल्लीला आणलं. वाईची भाड्याची जागा सोडली, भांडीकुंडी पुतण्यांत वाटून टाकली, देवघरातला बाळकृष्ण तेवढा पिशवीत घालून त्या गाडीत बसल्या. परत जायला तिकडे आता काही उरलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आल्या आल्या एक गोष्ट त्यांनी सुनेशी स्पष्ट बोलून घेतली.

“हे बघ मयुरा, तुम्ही अंडं खाता, खुशाल खा. पोरीला, पूर्वीला दे. घरात आणू नका असं मी म्हणणार नाही. प्रसन्नचे बाबासुद्धा कोपऱ्यावर ऑम्लेट खाऊन यायचे आणि घरी येऊन मला सांगायचे. मी कधी नाक मुरडलं नाही. फक्त माझ्या ताटात ते नको. आणि चुकून कधी आलंच, तर मला सांग. एवढंच.”

“बिल्कुल आई,” मयुरा म्हणाली. “तुम्ही टेन्शनच घेऊ नका.”

त्या दिवसापासून अंड्याचा तवा फ्रिजच्या डोक्यावर गेला. त्याचं उलथनंही वेगळं झालं. विजयाबाईंना सुनेचं कौतुक वाटलं. पोर नोएडात कॉम्प्युटरच्या कंपनीत दिवसभर डोळे फोडते, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागते, आणि तरी म्हातारीचं सोवळंओवळं सांभाळते. आणखी काय हवं माणसाला.

ती वर्षंच तशी धावपळीची होती. देशात नव्या गाड्यांचं पेव फुटलं होतं आणि त्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मानेसरच्या एका कारखान्यात प्रसन्न क्वालिटीचं काम बघायचा. कंपनीची बस पकडायला तो अंधारातच घर सोडायचा. गुडगावला काचेचे मॉल उभे राहत होते, रविवारी हे लोक तिकडे जायचे आणि येताना काहीतरी नवीन यंत्र घेऊन यायचे. कधी ज्यूसर, कधी टोस्टर. एका रविवारी ओव्हन आला. त्यात पहिले दोन महिने नुसती वर्तमानपत्रं आणि चिप्सची पाकिटं ठेवलेली असत.

पहिल्याच थंडीत विजयाबाई खचल्या. पाय सुजले, अंगात त्राण उरलं नाही, एकदा बाथरूममध्ये भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की अंगात प्रोटीन फारच कमी आहे, हे असंच चाललं तर कठीण आहे. “माताजी, रोज़ दो अंडे खाइए,” ते म्हणाले. विजयाबाईंनी हात जोडले. त्यांना हिंदीत जे सांगायचं होतं ते जमेना, म्हणून त्यांनी मराठीत प्रसन्नला सांगितलं, “यांना म्हणावं, अंडं सोडून काहीही सांगा. कच्चं कारलं खाईन. पण ते नको.” डॉक्टर हसले. प्रसन्न वैतागला. मयुरा मात्र शांतपणे म्हणाली, “बघते मी आई. करते काहीतरी.”

पुढच्या शनिवारी ओव्हनमधली वर्तमानपत्रं बाहेर निघाली आणि घरात पहिल्यांदा तो पाव भाजला गेला. मयुरा त्याला हाय प्रोटीन फ्रूट लोफ म्हणायची. ‘लोफ’ हा शब्द विजयाबाईंच्या जिभेवर कधी बसला नाही, त्या आपल्या ‘फळांचा पाव’ म्हणत. कणीक, डाळ्याचं पीठ, थोडं सोयाबीनचं पीठ, घट्ट चक्का, खजुराचा गर, बेदाणे, बारीक चिरलेले जर्दाळू आणि वर अक्रोड. साखर नाही, गूळ. आणि सगळ्यावर वेलदोडा-जायफळाचा असा दणदणीत वास, की जिन्यातच कळायचं आज शनिवार आहे. कापला की आतून मऊ, जाळीदार. विजयाबाई रोज सकाळी एक काप आधी बाळकृष्णापुढे ठेवत, हात जोडत, आणि मग दुधाबरोबर तोच प्रसाद म्हणून खात. मयुरा ऑफिसला निघताना सँडलचा पट्टा लावत ते बघायची.

पाव लागू पडला. पायांची सूज उतरली, चेहऱ्यावर तजेला आला. उन्हाळ्यापर्यंत विजयाबाई सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारू लागल्या. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं आणि मयुराकडे बघून म्हणाले, “गुड जॉब.” विजयाबाईंना वाटलं, आपल्या पोटची मुलगी असती तरी तिने याहून काय जास्त केलं असतं.

आता त्यांना तोंडघशी पाडणारा तो हिंदी शब्द. शनिवारी सकाळी मयुरा पाव करायची तेव्हा विजयाबाई सोसायटीतल्या मराठी मंडळाच्या भजनाला गेलेल्या असत. एका शनिवारी पेटीवाल्या बाई आजारी पडल्या, भजन लवकर उरकलं आणि विजयाबाई वेळेआधी घरी आल्या. चपला काढताना स्वयंपाकघरातून मयुराचा आवाज कानावर आला. ती कामवालीला, रामरतीला, सांगत होती, “सफ़ेदी अलग, ज़र्दी अलग. और छिलके यहाँ मत डालना, नीचे वाले कूड़े में डालके आ.”

दिल्लीत राहिलेल्या वाचकाला इथेच हसू फुटलं असेल. त्याने ते जरा आवरावं. विजयाबाईंनी आपल्या परीने या वाक्याचा अगदी व्यवस्थित अर्थ लावला. छिलके म्हणजे फळांची सालं, ती कुजतात, म्हणून खाली टाकायची. जर्दी म्हणजे जर्दाळू. हे उत्तरेतले लोक प्रत्येक शब्दाची शेपटी तोडतात, हे त्यांनी पाहिलंच होतं. राहता राहिली सफेदी. वाईला सफेदी म्हणजे दिवाळीआधी भिंतींना देतात ती. ती पावात कशी असेल? त्यांनी रात्री पूर्वीला विचारलं. पूर्वी त्यांची नात, चौथीतली, अर्धं हिंदी आणि उरलेल्यात मराठी-इंग्रजी असं बोलणारी.

“पूर्वी, पावात सफेदी घालतात ती काय असते गं?”

पूर्वीने आधी आईकडे बघितलं. मयुरा कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले. “आजी, ते ना, प्रोटीन असतं,” पूर्वी म्हणाली. “व्हाइट व्हाइट. प्युअर प्रोटीन.”

पोरीने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. विजयाबाईंना फळीवरचा तो प्रोटीन पावडरचा मोठा डबा आठवला आणि त्यांची खात्री पटली. मग काय, मंडळात, बागेत, जिथे विषय निघेल तिथे त्या सांगत सुटल्या. आमच्या मयुराच्या पावात सगळी किमया सफेदीची आहे. मराठी बायका माना डोलवायच्या. त्यांतल्या दोघीतिघींना तरी अर्थ कळला असणार, पण कोणी काही बोललं नाही. एकीने नुसतं विचारलं, “तुम्हाला चालते का हो?” त्यावर विजयाबाई म्हणाल्या, “न चालायला काय झालं?”

या सगळ्यांत त्यांची जिवाभावाची एकच, सुनेत्राताई मगदूम. सांगलीकडच्या जैन. मुलाकडे पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहायच्या. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात एका मराठी कार्यक्रमाला दोघींची ओळख झाली आणि परतीच्या बसमध्येच त्या मैत्रिणी होऊन गेल्या. सुनेत्राताईंचं पाळणं कडक. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, कांदा-बटाटा नाही, मध नाही, बाहेरचं तर काहीच नाही. त्यांच्या घरच्या मंडळींनासुद्धा त्यांच्या प्रश्नांचा जाच व्हायचा. विजयाबाईंना व्हायचा नाही. प्रश्न विचारणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मुळातच आदर होता.

भाद्रपदात सुनेत्राताईंनी दहा दिवस एकभुक्त राहून शेवटचे उपास निरंकार केले. पार गळून गेल्या. पारण्याच्या सकाळी विजयाबाई त्यांच्यासाठी फळांच्या पावाचे चार काप स्वच्छ फडक्यात बांधून घेऊन गेल्या.

“यात अंडं वगैरे नाही ना, विजयाताई?” सुनेत्राताईंनी विचारलं. “बेकरीच्या वस्तूंत असतं म्हणून विचारते. राग मानू नका.”

“राग कसला. हा घरचा पाव. माझ्या ताटात येतो तो. माझ्या सुनेने मला शब्द दिलाय, तिच्या घरात मला न सांगता काही होत नाही. मी खाते, तुम्ही खा.”

सुनेत्राताईंनी हात जोडून पहिला तुकडा तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, मुलीने केल्यासारखा लागतो.

दिवाळीनंतर मयुराला ऑफिसने ट्रेनिंगसाठी आठवडाभर हैदराबादला पाठवलं. पाव संपला. विजयाबाईंच्या मनात आलं, एवढी दमून येईल, तर आल्यावर तिला पाव तयार दिसू दे. आपण नेहमी खायचंच का? जिन्नस त्यांना पाठ होते, ओव्हनची बटणं पूर्वीला येत होती. अडलं फक्त सफेदीपाशी. पावडरचा डबा काढून बघितला, तर त्यावर सील तसंच होतं, कोणी कधी उघडलेलाच नव्हता. म्हणजे सफेदी निराळी असणार. त्या पिशवी घेऊन खाली दुकानात गेल्या.

“भैया, सफेदी है क्या?”

“दीवार की, माताजी? वो तो हार्डवेयर वाले के यहाँ मिलेगी.”

“दीवार की नहीं हो. खाने की. वो पाव में डालते है, फ्रूट वाले.”

दुकानदाराने डोकं खाजवलं आणि मग त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. “अच्छा, अंडे की सफ़ेदी. वो अलग से नहीं आती माताजी. अंडा तोड़के निकालनी पड़ती है. पीला वाला अलग, सफ़ेद वाला अलग. आपकी बहू भी तो हर शनिवार ट्रे ले जाती है. दूँ?”

तो भला माणूस होता. त्याने काचेच्या कपाटामागून अंड्यांचा ट्रे काढून त्यांच्यापुढे ठेवलासुद्धा. मागे दोन बायका उभ्या होत्या. विजयाबाई ट्रेकडे बघत राहिल्या. सफेदी अलग, जर्दी अलग, छिलके नीचे. एकेक शब्द आपोआप सरळ होत गेला. “नको,” त्या मराठीतच म्हणाल्या आणि निघाल्या.

लिफ्टपाशी आल्यावर त्यांनी बटण दाबलं नाही. त्या तिथल्या पायरीवर बसल्या. शिसारी येईल असं वाटलं होतं, पण ती आली नाही.  जवळजवळ वर्षभर. रोज सकाळी. आधी देवापुढे ठेवून मग. सँडलचा पट्टा लावत उभी असलेली मयुरा त्यांना आता नव्याने दिसली. ती बघायची ते कशासाठी, हे आता कळलं. आणि तो वेलदोडा-जायफळाचा घमघमाट, ज्याची त्यांनी चारचौघांत तारीफ केली होती, तो वास लपवायला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

पूर्वी शाळेतून आली. विजयाबाईंनी तिला दूध दिलं, समोर बसवलं आणि विचारलं, “पूर्वी, पावात अंडं असतं हे तुला माहीत होतं?”

पूर्वीच्या ओठांवर दुधाची मिशी होती. ती पुसायचं तिला सुचलं नाही. “मम्मा बोली होती, आजीला सांगायचं नाही. सांगितलं तर आजी खाणार नाही आणि आजारी पडेल.”

“कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्यापासून. पापाला पण. रामरती आंटीला पण.” मग ती घाबरून म्हणाली, “आजी, मी खोटं नाही बोलले हां. तू सफेदी विचारलंस ना, मी प्रोटीन सांगितलं.”

विजयाबाईंनी तिला जवळ घेतलं. तिच्यावर काय रागवायचं. पण अख्ख्या घरात आपण सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, कामवालीलासुद्धा, आणि ही एवढीशी पोर वर्षभर आपल्याकडे बघून गोष्टी ऐकत झोपत होती, या विचाराने त्यांना जो हुंदका आला तो त्यांनी तिच्या केसांतच दाबला.

रात्री प्रसन्न आला. त्याच्याशी बोलून काही निष्पन्न झालं नाही. तो म्हणाला, “आई, तू पडली होतीस. तू ऐकलं असतंस का?”

“मला विचारलं होतंत?”

“डॉक्टरांसमोर तू काय म्हणालीस ते आठव. अब यार, अंड्यासारख्या गोष्टीवरून एवढं...”

“तुझे बाबा बाहेर खायचे आणि घरी येऊन सांगायचे,” विजयाबाई म्हणाल्या. आणि त्या ओट्याकडे वळल्या. प्रसन्नही ताटावरून लवकर उठला.

मयुरा हैदराबादहून आली तेव्हा तिला फोनवर सगळं कळलेलं होतं. बॅग दारात टाकून ती सरळ सासूच्या पायाशी येऊन बसली. तिने हुज्जत घातली नाही, रडायलाच लागली. “आई, तुमचा रिपोर्ट बघून माझे हातपाय गळाले होते. बाबा गेले तेव्हा प्रसन्नची काय हालत झाली ते मी पाहिलंय. मला तुम्ही हव्या होतात. काय वाट्टेल ते करून हव्या होतात. दुसरं काही सुचलं नाही मला. माझं चुकलं.”

ते रडणं खरं होतं. विजयाबाईंनी माणसं ओळखण्यात आयुष्य घालवलं होतं, खरं रडणं त्यांना कळत होतं. म्हणूनच पंचाईत झाली. नुसता राग धरता आला असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, पण जेवायला बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या आपलं आपण करून खाऊ लागल्या. सगळ्यांचं आटोपलं की त्या ओटा पुसून घ्यायच्या आणि आपल्यापुरती मुगाची खिचडी टाकायच्या. भांडण नाही, अबोला नाही. पूर्वीची वेणी घालायच्या, प्रसन्नचा डबा भरायच्या. फक्त मयुराने काही पुढे केलं की त्या ते हळूच बाजूला सारायच्या. भाजीत घातलेल्या खोबऱ्याकडेसुद्धा त्या संशयाने बघायच्या आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

सुनेत्राताईंना सांगणं भाग होतं. चार दिवस विजयाबाईंनी ते टाळलं. सांगितलं नाही तर त्यांना कधी कळणारही नाही, असंही मनात आलं. पण मग आपल्यात आणि मयुरात फरक काय राहिला? पाचव्या दिवशी बागेत, उन्हाच्या बाकावर, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सुनेत्राताई हातातली शाल नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, “माझं पारणं होतं ते, विजयाताई.”

“मला माहीत नव्हतं हो.”

“ते कळतंय मला.”

“पोरीने वाईट बुद्धीने नाही केलं,” विजयाबाई म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांनाच ते पटत गेलं. “माझ्या जिवासाठी केलं. रिपोर्ट इतका वाईट होता. दुसरा इलाजच नव्हता तिच्यापुढे. असता तर तिने असं केलं नसतं. एवढं मी तुम्हाला शपथेवर सांगते.”

“जिवासाठी केलं म्हणता, मग मी काय बोलणार,” सुनेत्राताई म्हणाल्या. “जीव वाचवायला केलेलं निराळं.” त्यांनी विजयाबाईंचा हात हातात घेतला. मैत्री तुटली नाही. पण त्यानंतर विजयाबाईंनी पदराच्या टोकात बांधून नेलेले शेंगदाणे पुढे केले, की सुनेत्राताई हसून म्हणायच्या, “आत्ताच झालंय माझं.” विजयाबाईही मग शेंगदाणे न्यायच्या बंद झाल्या.

दुसरा इलाज नव्हता. हे वाक्य त्या दिवसापासून विजयाबाईंनी घट्ट धरून ठेवलं. खिचडी ढवळताना, रात्री कूस बदलताना ते त्या स्वतःला ऐकवत. बुडत्या माणसाला केसाला धरून ओढावं लागतं, तेव्हा दुखलं म्हणून कोणी तक्रार करत नाही. असं म्हणत म्हणत मनातली अढी थोडी थोडी सैल झाली. थंडी सरत आली तसं त्यांना वाटू लागलं, आता पुरे. या घरातच दिवस काढायचेत. सुनेच्या हातचं खायचं नाही तर कोणाच्या हातचं खायचं?

मयुरालाही ते जाणवलं असावं. एका शनिवारी ती म्हणाली, “आई, आज भजनाला जाऊ नका. इथे स्टूल घेऊन बसा. मी तुमच्यासमोर लोफ करणार आहे. अंड्याशिवाय. प्रत्येक वस्तू तुम्ही बघायची.”

विजयाबाई बसल्या. मयुराने फ्रिजचं दार सताड उघडून दाखवलं, त्यात अंड्याचा खण रिकामा होता. पातेलं, रवी, साचा, सगळं नवीन आणलेलं. तिने जवसाची पूड पाण्यात भिजवली, ती हळूहळू बुळबुळीत झाली. चक्क्यात सोडा घातला तसा तो फसफसून वर आला. डाळ्याचं पीठ दोनदा चाळलं. खजुराचा गर, बेदाणे, जर्दाळू. जायफळ किसायला घेतलं तेव्हा तिने सासूकडे बघितलं आणि किसणी बाजूला ठेवली. “आज नको,” ती म्हणाली. विजयाबाईंना गलबलून आलं. त्यांनी ठरवलं की पाव झाला की आधी तिच्या हातून एक काप मागून घ्यायचा, आणि आज दुपारी खिचडी टाकायची नाही.

ओव्हनच्या काचेतून पूर्वी पाव फुगताना बघत होती. प्रसन्न पेपर टाकून आत आला. पाव निघाला तो सोनेरी, मध्ये तडा गेलेला, चांगला वर आलेला. जरा निवल्यावर मयुराने कापला. आतून मऊ, जाळीदार.

“मस्त झालाय,” प्रसन्न म्हणाला. “पहिल्यासारखाच.”

“पहिल्यापेक्षा चांगला,” मयुरा म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता. तिने ताटलीत एक काप घालून सासूच्या हातात दिला. “आणि आई, मी हिशेब करून बघितला. त्या अंड्याच्या लोफपेक्षा यात प्रोटीन जास्तच बसतंय. थोडंसं, पण जास्त.”

विजयाबाईंनी काप तोंडाशी नेला होता. तो तिथेच थांबला.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. ऑफिसात नेटवर शोधलं. लंच टाइममध्ये बसले, लगेच मिळालं. ढीगभर आहेत अशा रेसिपी.”

“आधी शोधलं होतंस का कधी? मी आजारी होते तेव्हा?”

“तेव्हा...” मयुरा सहजपणे बोलून गेली. “तेव्हा अंड्याची हाताशी होती ना. आणि तुम्हाला बरं वाटायला लागलं होतं. मग म्हटलं, चाललंय ते चांगलं चाललंय, कशाला उगाच...” आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. प्रसन्नने मान खाली घातली. 

विजयाबाईंचा आवाज चढला नाही. “सुनेत्राताईंना मी शपथेवर सांगितलं,” त्या म्हणाल्या, “की तुझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता. असता तर तू असं केलं नसतंस. पहिल्यांदा तुझ्यासाठी शब्द दिला तेव्हा मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदाही माहीत नव्हतं. आता त्यांना काय सांगू?”

“आई...”

“नाही, खरंच विचारते. काय सांगू?”

 विजयाबाईंनी काप ताटलीत परत ठेवला. त्यात काहीसुद्धा नव्हतं, त्यांनी स्वतः डोळ्यांनी बघितलं होतं. पण तो त्यांना खाववला नाही. मग त्या उठल्या, ओटा पुसून घेतला आणि मुगाची डाळ धुवायला घेतली.